दोघींनी सोडवायचा उपास

छत्रपती संभाजीनगर
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

प्रिय विशाखा,

दार उघडलं नाहीस, म्हणून ही चिठ्ठी. घरभेटीचा नेम तुलाच जास्त पाठ होता. दोघींनी मिळून जायचं, दोनदा बेल वाजवायची, दार उघडलं नाही तर चिठ्ठी सरकवायची आणि जिन्यात उभं राहून कुजबुजायचं नाही. मी आज एकटीच आले, त्यामुळं कुजबुजायला कोणी नव्हतंच. तुझ्याकडं येताना दुसऱ्या कोणाला सोबत घ्यावं असं वाटलं नाही.

पुंडलिक ब्रदरनी या महिन्यापासून मंडळीतर्फे भेटायला तुझं घर माझ्याकडं दिलंय. म्हणाले, "सिस्टर, तुम्हीच जा. आम्ही गेलो तर ती आम्हाला पाणी देईल आणि हवापाण्याचं बोलेल." अकरा वर्षं आपण दोघी लोकांच्या घरी गेलो. आता तूच माझं एक घर झालीस. फोन तू उचलत नाहीस, ग्रुपमधूनही बाहेर पडलीस, म्हणून हा कागद.

आत टीव्ही चालू होता. चहा उकळत होता, आलं घातलेला. इतकी वर्षं आपण घराघरांत चहाला नाही म्हणत आलो. लोक रागवायचे, "मॉर्मन म्हंजे चहा नाही पीत ते का? मग जगता कशावर?" आणि तू हसून म्हणायचीस, "तुमच्या सरबतावर." तो वास मी बराच वेळ घेतला. मंडळीत कोणाला सांगणार नाही. सांगण्यासारखं त्यात काय आहे?

हॉल तसाच आहे. खाली गिरणी, जिन्यावर पिठाची पांढरी साय, आणि वर आपण पंचवीस-तीस माणसं. प्रभुभोजनाचा भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा पेला फिरवायची वेळ झाली की पुंडलिक ब्रदर अजून खिडकीतून हात दाखवतात आणि गिरणीवाले सांडूभाऊ पट्टा थांबवतात. तेवढी दहा मिनिटं साऱ्या गल्लीला शांतता मिळते. मग खालून हाक, "झाली का वरच्या मंडळींची शांतता? टाकू का गहू?"

खुर्च्या आता मी आणि संस्कृती लावतो. संस्कृती म्हणजे बी.एस्सी.ची मुलगी, तू गेल्यावर आली. खुर्च्या सरळ लागत नाहीत. तुझे शिवशंकरभाऊ फरशीची रेघ धरून लावायचे ना, ते आम्हाला जमत नाही.

तब्येत सांभाळ.

तुझी,
रत्नमाला


रविवार, ७ सप्टेंबर २०२५

प्रिय विशाखा,

आज दार थोडं हललं असं मला वाटलं. वाराही असेल.

काल दगडामावशीकडं जाऊन आले. कन्नडच्या पुढची ती वस्ती, मेंढ्यांच्या वाड्यापाशी बाभळ, सगळं तसंच. संस्कृतीला मागं बसवलं होतं. स्कूटरच्या डिकीत तुझं निळं हेल्मेट अजून आहे. तिला मी ते दिलं नाही, तिच्यासाठी दुसरं घेतलं. का, ते विचारू नकोस.

मावशीनं संस्कृतीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"ही कोण?"

"मावशी, ही माझी नवी जोडीदार."

"जोडीदार काय चप्पल हाय व्हय, तुटली की नवी घ्यायला? ती कुठंय?"

"तिला बरं नाही."

"लई दिसांचं बरं नाय तिला," एवढंच म्हणाली आणि आत गेली. ताकाचे दोन स्टीलचे पेले आठवतात तुला? एक माझा, एक तुझा, काठाला ठोका पडलेला. तिनं माझा भरून मला दिला. तुझाही भरला आणि चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवला. संस्कृतीला वाटीत. जाताना बघितलं, तुझा पेला तसाच भरलेला. मी म्हटलं, "मावशी, हे वाया जाईल." तर म्हणाली, "करडाला पाजीन. पण भरणार. तिचा हाय."

परत येताना संस्कृतीनं विचारलं, "मॅडम, या आजी आपल्यात आल्या कशा?" मग वेरूळपर्यंत मी तिला तेच सांगत होते. तिचा मुलगा बिरू आपल्या हॉलसमोरच्या इमारतीत वॉचमन होता आणि मावशी त्याच्याकडं राहायला आली होती. मे महिन्यात पंख्याखाली बसायला म्हणून वर आली. तीन रविवार शेवटच्या खुर्चीवर गप्प. चौथ्या रविवारी उभी राहून विचारलं, "तुमच्यात आरती कधी होती?" शिवशंकरभाऊ म्हणाले, "मावशी, आमच्यात सगळेच उभं राहून आपापलं सांगतात. तुम्ही सांगा." आणि ती पाऊण तास बोलली. मेंढ्यांवर बोलली, नवऱ्यावर बोलली, देवावर बोलली. कोणाची उठायची हिंमत झाली नाही.

बाप्तिस्म्याच्या दिवशी त्या शेततळ्यावर बिरूनं तिला विचारलं होतं, "आये, आपल्या बिरोबाला काय सांगशील?" तर म्हणाली, "त्याला काय सांगायचं? तो माझ्यावर रागवत नाय. ह्यांचा कशाला रागवंल?" पुंडलिक ब्रदरनी तिचा हात धरून तिला पाण्यात उतरवलं.

आणि ते नाताळचं नाटक! मावशीनं गोठ्याच्या देखाव्यासाठी खरं कोकरू आणलं. शिवशंकरभाऊ मेंढपाळ झाले होते, तुझी सोलापुरी चादर पांघरून. कोकरानं आधी कागदाचा तारा खाल्ला, मग मरियेची ओढणी, आणि शेवटी जिना उतरून सांडूभाऊंच्या गव्हाच्या पाटीत तोंड घालून बसलं. भाऊ चादरीसकट त्याच्या मागं धावत होते. "अहो, प्रभूच्या जन्माच्या दिवशी मारू नका त्याला!" असं तू जिन्यावरून ओरडत होतीस आणि तुझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं हसून.

माझे हे, हनुमानराव, काल विचारत होते, "या वर्षी नाताळचं जेवण आहे ना?" सभेला कधी यायचे नाहीत, पंगतीला कधी चुकायचे नाहीत. "मी जेवणाचा सभासद" हे त्यांचं अजून चालूच आहे. तुझ्या भरल्या वांग्यांची आठवण काढतात. मी केलेली खाताना काढतात, म्हणजे बघ.

रत्नमाला


बुधवार, २४ सप्टेंबर २०२५

विशाखा,

आज बेल वाजवली नाही. घाईत लिहिते आहे, पण हे तुला कळलंच पाहिजे.

दगडामावशी रविवारी चक्कर येऊन पडली. तिला मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, आणि कन्नडच्या डॉक्टरांनी तपासलं तर साखर एकदम खाली गेलेली. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? मग बिरूची बायको म्हणाली, "रविवारी आत्या काहीच खात नाय. पाणी पण नाय, दिस कलेपर्यंत."

बिरूनं मला फोन केला. म्हणाला, "ताई, तुमच्यात दर रविवारी उपास असतो का?" मी म्हटलं, नाही रे, महिन्यातला पहिला रविवार, तोही ज्याला झेपेल त्यानं. मग म्हणाला, "आय म्हणती, हा शिवशंकरभाऊंचा उपास हाय."

फोन ठेवला आणि हा कागद काढला, विशाखा.

तुला तो शनिवार आठवत असणार. भाऊ दवाखान्यात होते, किडनीचं शेवटचं चाललं होतं, आणि आपल्या साऱ्या मंडळीनं दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी एकत्र उपास धरायचं ठरवलं होतं. सगळ्यांना फोनवर कळवलं. मावशीकडं फोन नव्हता, आणि तू म्हणालीस, "तिला सांगायला आपणच जाऊ, तिचं देव ऐकतो." आपण गेलो. तिच्या चुलीपाशी तिघी गुडघ्यांवर बसलो. मीच म्हटलं होतं, "मावशी, भाऊंना बरं वाटावं म्हणून उपास धरायचाय." तू प्रार्थना केलीस.

किती दिवस, ते कोणीच सांगितलं नाही. आपल्याला सांगायची गरज वाटली नाही, आपला उपास एका दिवसाचाच असतो. पण मावशीचा जन्म गेला व्रतं धरण्यात. तिच्याकडं उपास धरला की ज्यानं धरायला लावला तो येऊन सोडवतो, तेव्हाच तो सुटतो. आपण बाकीच्यांनी त्या रविवारी संध्याकाळी खिचडी खाल्ली. तिच्याकडं मात्र कोणी आलंच नाही. महिन्याभरात भाऊ गेले, तू घरात बसलीस, आणि मी पुढं तिच्याकडं गेले ती नेहमी शनिवारी. उपास कोणाला दाखवायचा नाही, तोंड धुवून हसत राहायचं, हेही आपणच तिला शिकवलं होतं. तिनं ते इतकं नीट पाळलं की अडीच वर्षं शेजारच्या झोपडीलाही कळलं नाही.

मी तुला काही मागत नाही अजून. फक्त सांगते आहे.

रत्ना


रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

प्रिय विशाखा,

आता मागते आहे.

काल पुंडलिक ब्रदरना घेऊन गेले होते. त्यांनी टाय लावला होता. मावशी खाटेवर, बारीक झालीय. ब्रदर खाटेजवळ उभे राहिले आणि आयुष्यभर एसटीत कंडक्टर म्हणून जो आवाज काढला त्या आवाजात म्हणाले, "दगडाबाई, मंडळीचा प्रमुख म्हणून मी सांगतो, तुमचा उपास सुटला."

मावशी म्हणाली, "तू तिकिटं फाडणारा. तुला कोणी इचारलं?"

"अहो, मला अधिकार आहे."

"असंल. पण धरायला लावला ह्या दोघींनी. सोडवतील बी ह्या दोघी. नेम म्हंजे नेम. तूच म्हणायचास ना, एकटीनं कुठं जायचं नाय, जोडीनं जायचं? मग?"

ब्रदर माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "मावशी, मी आहे ना. मी सोडवते."

"तू अर्धी हाईस बाई," ती म्हणाली. रागानं नव्हे. माझा हात धरून म्हणाली.

मग मी तिला विचारलं, जे विचारायला नको होतं ते. "मावशी, भाऊ गेले हे तुला माहीत होतं ना? मग कशासाठी धरत राहिलीस?" ती म्हणाली, "गेला ते बिरूनं सांगितलं. पण बिरूनं सांगून काय व्हतं? जिनं बरं कर म्हणून हात जोडले, तिनं सांगाया पायजे."

संध्याकाळ झाली की ती भाकरी खाते, तसं नाही की उपाशी मरते आहे. पण पुढचा रविवार आला की पुन्हा धरते. डॉक्टरांनी बिरूला स्पष्ट सांगितलंय की आणखी एकदा अशी पडली तर उठेल याचा भरवसा नाही. तिला गोळ्या समजतात, दवाखाना समजतो. फक्त हे कोणाच्या सांगण्यानं समजत नाही.

विशाखा, तू मंडळीत परत ये असं मी म्हणत नाही. प्रार्थना कर असंही म्हणत नाही. भाऊ गेल्यावर सगळे तुला सांगत होते, "पुन्हा भेटाल, कायमचे एकत्र असाल." आणि तू एकदाच म्हणालीस, "मला ते मंगळवारी हवे होते. सिलिंडर लावायला." मी फक्त म्हणते, एक रविवार माझ्यामागं स्कूटरवर बस.

पुढच्या रविवारी सभा संपली की अकरा वाजता मी तुझ्या इमारतीखाली उभी राहीन.

रत्ना


रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

विशाखा,

बारा वाजेपर्यंत उभी होते. पडदा हलला, तो वारा नव्हता.

मावशीकडं गेले नाही. अर्धी जाऊन काय करू? बिरूला फोन केला. म्हणाला, आज साखरपाणी प्या म्हणून बायकोनं हातापाया पडून बघितलं, नाही प्याली. पडली नाही, एवढंच.

दिवाळी झाल्यावर, सव्वीस तारखेला, पुन्हा उभी राहीन. तीच वेळ.

रत्ना


रविवार, २ नोव्हेंबर २०२५

प्रिय विशाखा,

आज पहिला रविवार, त्यामुळं माझा उपास आहे आणि सभेवरून आल्यापासून भूक लागलीय. स्वयंपाकघरात हनुमानराव मुद्दाम कांदा परततायत.

सव्वीसला जे झालं ते तुलाही माहीत आहे, तू तिथंच होतीस. पण एक गोष्ट तुला माहीत नाही, म्हणून लिहिते. त्याआधीचं थोडं मला लिहून ठेवायचंय. तू माझ्या मागं बसली होतीस आणि वाटभर मला तुझं तोंड दिसलं नाही.

तू खाली आलीस तेव्हा मी चाळीस वाक्यं तयार ठेवली होती. तू म्हणालीस, "दुसरं हेल्मेट आहे का?" मी डिकी उघडली. तू निळं उचललंस. घातलंस आणि म्हणालीस, "पट्टा कडक झालाय." दौलताबादपर्यंत तेवढंच. मग सीताफळांच्या ढिगाऱ्यापाशी तू माझ्या खांद्यावर टकटक केलंस, अगदी पूर्वीसारखं, आणि उतरून मावशीसाठी फळं घेतलीस. मी म्हटलं, "अगं, तिला साखर आहे." "मग बिरूची पोरं खातील," तू म्हणालीस. मला एवढं बरं वाटलं त्या भांडणानं, काय सांगू.

मावशी खाटेवर उठून बसली होती. आपल्याला बघून रडेल असं वाटलं होतं. ती तुला म्हणाली, "लई उशीर केलास गं. ताक आंबलं."

दोन वाजत आले होते. तिनं सुनेला भाकरी आणायला लावली आणि आपण तिघी पुन्हा चुलीपाशी बसलो. गुडघे तिचे टेकत नव्हते, तर तिनं पाय लांब केले. "म्हण," ती मला म्हणाली. मी डोळे मिटले आणि सुरुवात केली, "हे आमच्या स्वर्गीय पित्या," आणि पुढं शब्दच नाहीत. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरात घडाघडा प्रार्थना म्हणणारी मी. चुलीत काटकी तडकलेली ऐकू आली. गिरणी थांबते ना आपल्याकडं, तशी शांतता.

आणि मग तुझा आवाज. तू देवाशी बोलत नव्हतीस, तिच्याशी बोलत होतीस. "सोडा मावशी. ते नाय बरे झाले. गेले ते."

मी डोळे उघडले तर तू भाकरीचा तुकडा मोडून तिच्या तोंडापाशी धरला होतास. तिनं मोठ्यानं "आमेन" म्हटलं आणि तुकडा घेतला. चावत चावत म्हणाली, "व्हय बाई. गेला. गुणाचा होता. खुर्च्या लई सरळ लावायचा."

तेव्हा तू रडलीस. अडीच वर्षांत मी तुला रडताना बघितलं नव्हतं. दवाखान्यात नाही, मातीच्या वेळी नाही.

तिनं कोनाड्यातला तुझा पेला काढून दिला. ठोका पडलेला. तू ताक एका दमात प्यालीस आणि करडं बघायला म्हणून बाहेर गेलीस.

इथपर्यंतचं तुला माहीत आहे. आता ते जे माहीत नाही.

तू बाहेर गेल्यावर मी मावशीजवळ सरकले. मला फार आनंद झाला होता, आणि आनंद झाला की मी घाई करते, तुला माहीतच आहे. मी म्हटलं, "मावशी, आता ती येईल बघ रविवारी. नाताळला भरली वांगी करायला लावते तिला." मावशी हातातल्या भाकरीकडं बघत होती. तिनं दोन घासच खाल्ले होते. बाकीची तशीच.

"रत्नी," ती म्हणाली, "लांबचा उपास सुटला की लगीच जेवण जातं का? घास फिरतो तोंडात. पोटाला इसर पडलेला असतो. आधी पाणी द्यायचं, मग ताक. मग गप बसायचं. भूक तिची तिला लागंल. वाढायला घाई करायची नाय, आन ताट बी उचलायचं नाय."

मग मला म्हणाली, "जा, ती करडं मोजती का रडती बघून ये." मी बाहेर आले तर तू करडाला सीताफळ खायला घालत होतीस आणि बिरूची पोरगी तुला बिया काढून द्यायला सांगत होती.

बिरूचा आज सकाळी फोन आला. रविवार असून मावशीनं नऊ वाजता भाकरी-दूध खाल्लं, आणि वर सुनेला म्हणाली, मीठ कमी हाय.

सभेत आज गिरणी थांबली तेव्हा मी तुझ्या खिडकीजवळच्या रांगेकडं बघितलं. तू नव्हतीस. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण पहिल्यांदाच असं झालं की मी दाराकडं बघत बसले नाही. संस्कृतीनं आज खुर्च्या फरशीची रेघ धरून लावल्या होत्या. मी तिला सांगितलं होतं कोण तशा लावायचं ते.

उद्या संध्याकाळी येईन. बेल दोनदा वाजवीन. तुझा चहा उकळत असला तर उकळू दे, आलं घाल, मला त्याचा वास आवडतो. मला पाणी दे. फक्त पेले दोन काढ, एक माझा, एक तुझा.

तुझी,
रत्ना